पक्षाघातानंतर रोबोटच्या आधाराने चालणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंगावरून वारे गेलेल्या माणसाचा जीव वाचला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो चालण्याचा. हाताची पकड, बोलणे, गिळणे यांची चौकशी नंतर होते. ‘चालायला कधी लागतील?’ हे आधी विचारले जाते. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आणि पुनर्वसन केंद्रांत या प्रश्नाला हल्ली रोबोट हे उत्तर मिळू लागले आहे. वरून लोंबणाऱ्या पट्ट्यांत रुग्णाला तोलून धरलेले असते, पायांना यांत्रिक सांगाडा बांधलेला असतो, खाली ट्रेडमिल फिरत असते आणि काल उभे राहता न येणारा माणूस तालात पावले टाकताना दिसतो. हे दृश्य मोबाइलवरून नातेवाइकांच्या गटात फिरते आणि त्याच्यासोबत समजुतीही फिरतात. काही समजुती अवाजवी आशेच्या असतात, काही अवाजवी भीतीच्या. दोन्हींमुळे रुग्णाचा वेळ आणि घरचा पैसा चुकीच्या जागी जातो.

हे यंत्र का जन्माला आले, ते आधी सांगायला हवे, कारण बरेचसे गैरसमज तिथेच विरघळतात. मज्जारज्जू तोडलेली मांजरे सरावानंतर ट्रेडमिलवर मागच्या पायांनी पावले टाकू शकतात, हे प्रयोगशाळांत दिसून आले होते. १९८०च्या दशकात माँट्रियलच्या संशोधकांनी तीच कल्पना माणसांसाठी वापरून पाहिली: शरीराचा थोडा भार पट्ट्याने उचलायचा आणि ट्रेडमिलवर चालवायचे. १९९०च्या दशकात बर्लिनमध्ये श्टेफान हेसे यांनी पक्षाघाताच्या रुग्णांवर ही पद्धत वापरली. अडचण मात्र माणसांची होती. एक फिजिओथेरपिस्ट खाली बसून रुग्णाचा लुळा पाय हाताने पुढे टाकणार, दुसरा मागून कंबर सांभाळणार. पंधरा-वीस मिनिटांत दोघांचीही पाठ मोडून यायची आणि पावले पडायची मोजकीच. हा भार यंत्राने उचलावा म्हणून बर्लिनमध्ये पावलांखालच्या हलत्या पट्ट्यांचे यंत्र तयार झाले, तर झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयाशी निगडित संशोधनातून मांडी-पोटरीला बांधायचा ‘लोकोमॅट’ हा सांगाडा आला, जो २००१पासून विक्रीला आहे. अंगावर चढवून थेट जमिनीवर चालायचे सांगाडे त्यानंतरचे. त्यांपैकी ‘एक्सो’ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पक्षाघाताच्या रुग्णांसाठी २०१६मध्ये मान्यता दिली. थोडक्यात, दमछाक न होता पावलांची संख्या वाढवणे हे या यंत्रांचे मूळ काम आहे. मेंदू दुरुस्त करण्याचा दावा त्यांच्या जन्मदात्यांनीही केलेला नव्हता.

गैरसमज: रोबोट पाय हलवतो, त्यामुळे मेंदू आपोआप चालायला शिकतो.

ही समजूत पटकन पटते, कारण डोळ्यांना तसेच दिसते. पाय हलत आहेत, गुडघे वाकत आहेत, टाच टेकते आहे. मग मेंदूला चालण्याची ‘आठवण’ होतच असणार, असे वाटते. सांधे हलते राहिल्याने आखडणे कमी होते, रुग्णाला बरेही वाटते, त्यामुळे समजूत आणखी घट्ट होते. पण हालचाल होणे आणि हालचाल शिकणे यांत मोठे अंतर आहे. मेंदू शिकतो तो प्रयत्नातून आणि चुकीतून. पाऊल टाकायचा हुकूम द्यायचा, ते थोडे चुकायचे, पुढचा हुकूम सुधारायचा, असे शेकडो वेळा व्हावे लागते. यंत्राने प्रत्येक पाऊल बिनचूक टाकून दिले तर दुरुस्त करायला चूकच उरत नाही. शिवाय शरीर श्रम वाचवण्यात तरबेज असते. दुसरे कोणी काम करत असेल तर स्नायू ढिले पडतात. शिकागोच्या संशोधकांनी २००६मध्ये मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्या लोकांवर हेच मोजले. फिजिओथेरपिस्टच्या मदतीने चालताना शरीराने जितका प्राणवायू वापरला, त्याहून रोबोटमध्ये नुसते त्याच्या गतीला धरून चालताना कमी वापरला. ‘पूर्ण जोर लावा’ असे सांगितल्यावर हा फरक बराच मिटला. यंत्र तेच, माणूस तोच, सूचना बदलली एवढेच. सायकलच्या कॅरिअरवर बसून कितीही मैल फिरले तरी सायकल चालवता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून नवी यंत्रे ‘गरजेपुरतीच मदत’ या तत्त्वावर चालवता येतात: रुग्ण जितका जोर लावेल तितका यंत्राने हात आखडता घ्यायचा. ही मदत दर आठवड्याला कमी केली जाते आहे का, हे घरच्यांनी विचारलेच पाहिजे. पट्ट्यात लोंबकळत, समोरच्या टीव्हीकडे पाहत काढलेल्या अर्ध्या तासाचा चालण्याशी फारसा संबंध नसतो.

गैरसमज: यंत्रात चाल सरळ दिसते, म्हणजे चाल सुधारली.

यंत्रातली चाल ही यंत्राची चाल असते. पट्टा वजन पेलतो, सांगाडा गुडघ्याला दिशा देतो आणि अनेक यंत्रांत कंबर जवळजवळ जखडलेली असते, त्यामुळे तोल सांभाळण्याचे काम रुग्णाकडे येतच नाही. प्रत्यक्षात घरात पडण्याचे कारण बहुधा तोलच असतो: उंबरठ्याशी, न्हाणीघरात, अचानक वळताना. म्हणून प्रगती मोजायची ती यंत्राबाहेर, जमिनीवर. दहा मीटर अंतर किती सेकंदांत कापले आणि सहा मिनिटांत किती अंतर गेले, या दोन साध्या चाचण्या जगभर वापरल्या जातात. वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी असेल तर माणूस साधारणतः घरापुरता चालतो, ०.८ मीटरच्या पुढे गेला की बाजारहाट, रस्ता ओलांडणे आवाक्यात येते. यंत्राच्या पडद्यावरचा पावलांचा आकडा या मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज: रोबोट फिजिओथेरपिस्टपेक्षा सरस असतो.

हा गैरसमज सर्वांत महागडा आहे आणि त्याच्या मुळाशी एक वाजवी तर्क आहे. यंत्र थकत नाही, त्याचे पाऊल प्रत्येक वेळी सारखे पडते, वीस मिनिटांत ते हजारभर पावले टाकून घेऊ शकते. याउलट अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांचे निरीक्षण करून २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चालण्याच्या सरावाच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावलेच पडत होती. पावले अधिक, तर फायदाही अधिक, असे वाटणे साहजिक होते. संशोधकांनाही तसेच वाटत होते. म्हणूनच त्यांनी चाचण्या घेतल्या.

निकाल वेगळे आले. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या चाचणीत पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ झालेले, पण चालू शकणारे ४८ लोक होते. निम्म्यांना रोबोटने, निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने ट्रेडमिलवर मदत केली. चालण्याचा वेग जास्त वाढला तो माणसाची मदत घेतलेल्यांचा. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत पक्षाघाताला सहा महिने व्हायच्या आतले ६३ रुग्ण होते. तिथेही २४ सत्रांनंतर नेहमीच्या पद्धतीने शिकवलेले रुग्ण वेगात आणि अंतरात पुढे निघाले. दोन्ही चाचण्यांत लोकोमॅट वापरला होता. कारण वर आलेच आहे: कुशल फिजिओथेरपिस्ट रुग्णाला चुकू देतो, अडखळू देतो, पण पडू देत नाही. त्या अडखळण्यातच शिकणे असते.

मग यंत्र निरुपयोगी ठरले का? तसे मुळीच नाही. जर्मनीतल्या चाचणीचा २००७मध्ये आलेला निकाल हे चित्र पुरे करतो. त्यात नुकताच पक्षाघात झालेले, आधाराशिवाय चालूच न शकणारे १५५ रुग्ण होते. एका गटाला रोज ४५ मिनिटे फिजिओथेरपी. दुसऱ्या गटाला २० मिनिटे पावलांखालच्या पट्ट्यांचे यंत्र आणि २५ मिनिटे फिजिओथेरपी. एकूण वेळ सारखाच. चार आठवड्यांनी फक्त फिजिओथेरपी घेतलेल्या ७८पैकी १७ जण स्वतंत्रपणे चालत होते, तर यंत्राची जोड मिळालेल्या ७७पैकी ४१ जण. हा फरक मोठा आहे. या दोन निकालांत विसंगती दिसते ती वरवरची. अमेरिकेतले रुग्ण थोडेफार चालत होते, जर्मनीतले मुळीच चालत नव्हते. ज्याला उभेच राहता येत नाही त्याला माणसाच्या हाताने दिवसाला पन्नास पावले टाकणेही कठीण. यंत्र त्याला शेकडो टाकू देते. आणि तिथेही अर्ध्याहून जास्त वेळ फिजिओथेरपिस्टचाच होता.

कोक्रेन या संस्थेने २०२०मध्ये अशा ६२ चाचण्यांची, २,४४० रुग्णांची एकत्र छाननी प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा: फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिल्यास स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि हा फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतल्या, चालता न येणाऱ्या रुग्णांना होतो. ‘जोड’ हा शब्द त्यात सोयीसाठी आलेला नाही. फिजिओथेरपी बंद करून नुसता रोबोट लावावा, असे त्या छाननीत कुठेही निघत नाही.

गैरसमज: इतकी सत्रे पूर्ण केली की रुग्ण चालणारच.

उपचार पॅकेजमध्ये विकला गेला की त्याला हमीचा रंग चढतो. वीस सत्रे, तीस सत्रे, एवढी रक्कम. मग शेवटच्या सत्रानंतर निकालही ठरलेला असणार, असे कुटुंबाला वाटते. केंद्राने तसे शब्दांत सांगितलेले नसले तरी वाटते. कोक्रेनच्या त्याच छाननीतला हिशेब इथे उपयोगी पडतो: सुमारे आठ रुग्णांना यंत्राची जोड दिली, तर नुसत्या फिजिओथेरपीने जितके चालू लागले असते त्यापेक्षा एक रुग्ण जास्त स्वतंत्रपणे चालू लागतो. पुनर्वसनाच्या क्षेत्रात हा आकडा चांगलाच म्हणायचा. पण उरलेल्या सातांपैकी काही जण यंत्राविनाही चालले असते आणि काही यंत्र लावूनही चालत नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. चालण्याच्या वेगातली सरासरी वाढ तर सेकंदाला ०.०६ मीटर, म्हणजे रोजच्या जगण्यात जाणवेल अशी नव्हती. मेंदूचा किती आणि कोणता भाग गेला, वय, हृदयाची ताकद, आधीचे आजार, नैराश्य, या सगळ्यांचा निकालावर परिणाम होतो. हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आणि रुग्ण चालला नाही तर ‘त्यांनी मनच लावले नाही’ असा दोष त्याच्यावर तर मुळीच टाकू नये. ज्याची कोणालाच हमी देता येत नव्हती, त्याचे अपयश त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

गैरसमज: आमचे वडील रोबोटवर गेले आणि चालू लागले, म्हणजे रोबोटमुळेच चालले.

प्रत्यक्ष अनुभवाशी वाद घालणे अवघड असते. घरच्या माणसाला डोळ्यांदेखत चालताना पाहिले असेल तर आकडेवारी कोरडी वाटते. पण पक्षाघातानंतर मेंदू पहिल्या काही आठवड्यांत स्वतःहूनही बराच सावरतो: सूज उतरते, बधिर झालेला भाग जागा होतो, शेजारचे भाग काम उचलतात. कोपनहेगनमध्ये ८०४ रुग्णांचा माग ठेवून १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की दाखल होताना निम्म्या रुग्णांना मुळीच चालता येत नव्हते आणि पुनर्वसनाअखेर वाचलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश स्वतंत्रपणे चालत होते. ९५ टक्के रुग्णांनी आपली सर्वोत्तम चाल पहिल्या अकरा आठवड्यांत गाठली. तेव्हा तिथे असले रोबोट नव्हते.

या अकरा आठवड्यांत जे काही केले जाते, त्याला श्रेय मिळते. लुळ्या अंगाला कबुतराचे रक्त चोळण्याची प्रथा आपल्याकडे टिकून आहे ती याच कारणाने: चोळले, दोन महिन्यांत पाय हलू लागला, आणि रक्ताचा गुण गावभर झाला. ज्यांनी चोळले ते मूर्ख नव्हते. त्यांनी जे पाहिले ते खरे होते, जोडलेले कारण खरे नव्हते. कबुतराच्या रक्तात असा कोणताही गुण नाही आणि रोबोटमध्ये थोडा आहे, हा फरक कळतो तो दोन सारख्या गटांची तुलना केल्यावरच. एका रुग्णाच्या व्हिडिओवरून तो कधीच कळणार नाही, मग तो व्हिडिओ कितीही हृद्य असो.

गैरसमज: थोडेफार चालता येणाऱ्याने तर रोबोट नक्कीच घ्यावा, चांगली चाल आणखी चांगली होईल.

उलट आहे. पक्षाघाताला सहा महिन्यांहून जास्त काळ झालेल्या आणि चालू शकणाऱ्या लोकांसाठी अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०२०मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वेग आणि अंतर वाढवण्यासाठी रोबोटच्या साहाय्याने चालण्याचे प्रशिक्षण देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी सांगितले आहे ते जमिनीवर किंवा ट्रेडमिलवर, हृदयाची गती वाढेल इतक्या जोमाने चालणे. ज्याला काठी घेऊन अंगणापर्यंत जाता येते, त्याने रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा सराव करावा. डॉक्टरांनी हृदय आणि रक्तदाब तपासून हिरवा कंदील दिलेला असावा, एवढीच अट.

गैरसमज: जितक्या लवकर यंत्रावर चढवाल तितके उत्तम, एक दिवसही दवडू नये.

लवकर पुनर्वसन चांगले, हे खरेच आहे. म्हणून आणखी लवकर म्हणजे आणखी चांगले, असे मन पुढची पायरी आपणच चढते. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीने २०१५मध्ये ही पायरी तपासली. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत वारंवार, भरपूर वेळ अंथरुणाबाहेर काढलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ४६ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ५० टक्के. नेहमीच्या गटालाही झोपवून ठेवलेले नव्हते, त्यांनाही लवकरच उठवले होते. फरक होता तो माऱ्याचा. पहिल्या एक-दोन दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा नाजूक असतो. बसवणे, कूस बदलणे, थोडे उभे करणे हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील त्या बेताने व्हावे. यंत्राची घाई पहिल्या आठवड्यात करण्याचे कारण नाही.

गैरसमज: सहा महिने उलटले, आता काही होणार नाही.

कोपनहेगनच्या आकड्यांचाच हा विपर्यास आहे. नैसर्गिक सुधारणेचा वेग काही महिन्यांत मंदावतो, हे खरे. सरावाने होणारी सुधारणा मात्र तिथे थांबत नाही. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाचे ट्रेडमिलचे प्रशिक्षण पक्षाघातानंतर सहा महिन्यांनी सुरू केले होते. वर्षाच्या अखेरीस हा गट, दोन महिन्यांनी सुरू केलेल्या गटाच्या बरोबरीला आला. ‘आता जेवढे आहे तेवढेच’ हे वाक्य सहाव्या महिन्यात ऐकवून किती माणसांना खुर्चीत बसवून टाकले गेले असेल, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

गैरसमज: म्हाताऱ्या माणसाचे हाड यंत्रात मोडेल.

लोखंडी सांगाड्यात आईला बांधलेले पाहून भीती वाटणे समजण्यासारखे आहे. कोक्रेनच्या छाननीत यंत्र वापरलेल्यांमध्ये मृत्यूचे किंवा उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. पट्ट्याने कातडी घासणे, उभे केल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येणे हे त्रास होतात आणि ते सांभाळता येतात. मात्र हाडे फार ठिसूळ असतील, फ्रॅक्चर जुळलेले नसेल, सांधे कायमचे आखडले असतील, पाठीवर शय्याव्रण असतील किंवा हृदयविकार आटोक्यात नसेल तर यंत्र टाळावे लागते. लोकोमॅटला वजनाची १३५ किलोंची मर्यादाही आहे. ही तपासणी न करता रुग्णाला थेट यंत्रावर चढवणारे केंद्र टाळावे.

गैरसमज: ‘रोबोटिक’ म्हटले की आरोग्य विम्यात बसते.

विमा नियामकाच्या २०१९च्या आधुनिक उपचारांच्या यादीत ‘रोबोटिक शस्त्रक्रिया’ आहे, त्यावरून हा घोटाळा होतो. चालण्याचे प्रशिक्षण ही शस्त्रक्रिया नाही आणि त्या यादीत तिचे नाव नाही. घरी सोडल्यानंतरच्या सत्रांसाठी आपल्या पॉलिसीत काय लिहिले आहे, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

गैरसमज: रोबोट परवडत नाही, म्हणजे चालण्याची आशा संपली.

सर्व समजुतींमध्ये हीच सर्वांत जास्त नुकसान करते, कारण ती केवळ खिसा नाही, उमेद रिकामी करते. तालुक्याच्या गावी राहणारा मुलगा व्हिडिओ पाहतो, पुण्या-मुंबईच्या केंद्राचा खर्च विचारतो आणि आपण वडिलांसाठी काहीच करू शकलो नाही, हे ओझे घेऊन बसतो. शेत विकावे की काय, इथपर्यंत बोलणी जातात. हे ओझे त्याने खाली ठेवावे, यासाठी भक्कम पुरावा आहे.

वर उल्लेखलेल्या २०११च्या अमेरिकी चाचणीत तिसरा एक गट होता. त्याला ट्रेडमिल, पट्टा, यंत्र यांपैकी काहीच मिळाले नाही. फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन पायांची ताकद आणि तोल वाढवणारे व्यायाम करून घेत आणि ते हळूहळू अवघड करत नेत. वर्षाअखेर तिन्ही गटांत मिळून ५२ टक्के लोकांची चालण्याची पातळी सुधारली आणि गटागटांत अर्थपूर्ण फरक सापडला नाही. संशोधक मुळात ट्रेडमिलचा वरचष्मा दाखवायला निघाले होते. घरचा व्यायाम त्याच्या बरोबरीचा निघाला. या चाचणीत रोबोट नव्हता आणि मुळीच उभे न राहू शकणाऱ्यांना तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, हे लक्षात ठेवूनही तिचे महत्त्व कमी होत नाही.

याचा अर्थ घरच्यांनी फिजिओथेरपिस्टला बाजूला सारून स्वतःच सगळे करावे, असाही नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंबीयांना शिकवून पुनर्वसनाचे काम त्यांच्याकडे सोपवले होते. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांइतकेच, दोन्हीकडे ४७ टक्के राहिले. प्रेम आणि तळमळ असली तरी व्यायाम कधी वाढवायचा, कुठे थांबायचे, हे ठरवायला प्रशिक्षित नजर लागते. अमेरिकेतल्या घरगुती गटाला ती मिळाली होती. म्हणून पैसा मोजकाच असेल तर तो यंत्रापेक्षा आधी या नजरेवर खर्च करावा. मुंबईत हाजी अली येथे १९५५पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतात. आठवड्यातून एकदा तिथे दाखवून पुढचा व्यायाम ठरवून घेणे आणि बाकीचे दिवस तो घरी नेटाने करणे, ही कमी प्रतीची तडजोड नाही.

घरच्या सरावाला महागडे काहीच लागत नाही. हातांच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठणे-बसणे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून दुबळ्या पायावर भार टाकणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, एका पायरीवर पाऊल ठेवणे-काढणे. आणि मग चालणे, रोज कालच्यापेक्षा थोडे जास्त. पाऊल लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट लागतो. रोबोटच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ असते आणि तो दिवसभर कामी येतो. मदतनिसाने दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहून कमरेचा पट्टा धरावा. लुळा हात धरून ओढू नये. त्याने खांदा निखळतो आणि दुखऱ्या खांद्यापायी चालण्याचा सरावही बंद पडतो.

आपला रुग्ण झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत असेल, दोघांनी धरूनही उभा राहत नसेल, आणि जवळच्या केंद्रात यंत्र परवडणाऱ्या दरात मिळत असेल, तर ते जरूर वापरावे. पैसे भरण्याआधी केंद्राला चार गोष्टी विचाराव्यात. यंत्राइतकाच वेळ फिजिओथेरपिस्ट जमिनीवर सराव करून घेणार का? यंत्राची मदत कोण, कधी आणि किती कमी करणार? दहा मीटरचा वेग सुरुवातीला आणि दर दोन आठवड्यांनी मोजून लिहून देणार का? सुधारणा दिसली नाही तर कोणत्या टप्प्यावर थांबायचे? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा फिजिओथेरपिस्ट भेटला, तर त्याच्याकडे यंत्र असो वा नसो, रुग्ण त्याच्याच हाती सोपवावा.